राइडमध्ये थांबायचं कुठे? टपरी, कॅफे की बार (चर्चा धागा)

माळावरचा:
आमच्या ग्रुपवर रविवारच्या बाइक राइडचा बेत ठरतोय आणि त्यावरून दोन दिवस वाद चाललाय, म्हणून इथे मांडतो. नळदुर्गला जायचं यावर सगळ्यांचं एकमत आहे. बोरी नदीला पाणी आहे, किल्ल्यातल्या पाणीमहालावरून ते पडताना बघायचंय. भांडण आहे ते वाटेतल्या थांब्यावरून. निम्मे म्हणतात, येताना हैदराबाद रोडवरच्या एका फॅमिली रेस्टॉरंट अँड बारमध्ये जेवू. काहींना सोलापुरात परत येऊन कॅफेत बसायचंय.

माझं मत: राइडचा थांबा टपरीवर किंवा गावातल्या साध्या हॉटेलातच असावा. जिथे दारू मिळते तिथे गाडीची चावी खिशात ठेवून बसूच नये, जेवायलासुद्धा नाही. आणि कॅफेत बसायला गाडी काढायची काय गरज? तो घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

माझे आवडते थांबे सांगतो. तुळजापूर रोडला घाट लागायच्या आधी चहा. मंगळवेढा रोडला बेगमपूरचा भीमेवरचा पूल ओलांडला की धपाटे-दही, आणि माचणूरला सिद्धेश्वराच्या घाटावर पाय मोकळे करायचे. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम आहे, शके 940 चा मराठी शिलालेख आहे. तिथे कॅफे नाही नि बारही नाही, घरून बांधून नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते. भाकरी बुक्कीनं फोडायची, चटणीवर दही ओतायचं, पाच मिनिटं भिजू द्यायची. डब्यात दोन दिवस राहिली तरी बिघडत नाही आणि टँक बॅगेत कितीही आदळली तरी तिचं काही वाकडं होत नाही. राइडसाठी याहून चांगलं खाणं मला तरी माहीत नाही.

सीनाकाठ:
काय बोलालास बे! बारमध्ये बसला म्हणजे पिलाच का? हैदराबाद रोड घे, पुणे रोड घे, चांगलं मटण कुठे मिळतं ते तूच सांग. काळ्या मसाल्याचा रस्सा, गरम ज्वारीची भाकरी, हे जिथे नीट मिळतं त्यातल्या निम्म्या जागांवर पाटी 'परमिट रूम'चीच आहे. टपरीवर चहा ठीक आहे, पण शंभर-दीडशे किलोमीटर गाडी मारून आलेल्या माणसाला भज्जीनं भागतं का?

दुसरं म्हणजे पार्किंग. बारसमोर मोकळं मैदान असतं, वॉचमन असतो. पंधरा गाड्या, त्यावर हेल्मेट, जॅकेट, बॅगा. टपरीसमोर कुठे लावणार? आणि एखाद्यानं जेवणाबरोबर एक बिअर घेतली तर तो मोठा माणूस आहे, त्याचं त्याला कळतं. सगळ्यांना शाळेतल्या पोरांसारखं वागवू नका.

बोरामणीकडचा:
आमचं गाव त्याच हैदराबाद रोडला आहे, म्हणून टपरीबद्दल बोलतो. माळावरचा दादा, तुमच्या टपरीच्या प्रेमात एक गोष्ट सुटलीय. हायवे चौपदरी झाल्यापासून टपऱ्या कडेच्या पट्ट्याला चिकटून आहेत. रविवारी दहा-बारा बुलेट आणि हिमालयन येतात आणि पांढऱ्या रेषेच्या आत-बाहेर उभ्या राहतात. पाठीमागून ऊस, सिमेंट, काय काय भरलेले ट्रक जातात. माणसं हातात कप घेऊन रस्त्याकडे पाठ करून फोटो काढतात. बारमधला धोका पोटात असतो, टपरीचा धोका पाठीमागे असतो, पण धोकाच तो. सर्व्हिस रोडला वळून थांबा, नाहीतर गावात आत या. आत स्टँडाजवळचा चहाही जास्त चांगला असतो, कारण तिथे गिऱ्हाईक रोजचं असतं.

आणि आत येताना सायलेन्सर बदललेली गाडी जरा दमानं आणा. सकाळी सहा वाजता आजारी माणसं झोपलेली असतात.

बुलेटवाली_जुळे_सोलापूर:
इथे आतापर्यंत जे बोललेत त्यातल्या कुणालाच एक प्रश्न पडलेला दिसत नाही, म्हणून मी विचारते. टपरीवर संडास-बाथरूम कुठे आहे?

मी आणि माझी मैत्रीण दोघी चालवतो. सकाळी साडेपाचला निघतो. घरून निघताना पाणी किती प्यायचं हे आम्ही पुढचा थांबा कुठला यावर ठरवतो. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा 43-44 ला जातो, अशा दिवसांत पाणी कमी पिऊन गाडी चालवणं म्हणजे काय होतं? डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. तुमच्यासाठी टपरी म्हणजे मजा आहे. आमच्यासाठी तोच थांबा म्हणजे पुढचे चाळीस किलोमीटर दात दाबून गाडी चालवणं.

त्यामुळे मला कॅफे हवा. महाग आहे, हो. एका कॉफीच्या पैशात टपरीवर सगळ्या ग्रुपचा चहा होतो. पण त्या पैशात मला स्वच्छ बाथरूम, आरसा, पंख्याखाली दहा मिनिटं आणि फोन चार्ज करायला जागा मिळते. कुणी टक लावून बघत नाही. 'घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर' वगैरे वाक्यं मला खरंच लागली, माळावरचा. आम्हाला तिथे निवांत बसता येतं, म्हणून आम्ही तिथे जातो.

बारचं म्हणाल तर सीनाकाठ, तुमच्या त्या 'फॅमिली' पाटीखालच्या हॉलमध्ये दुपारी दोननंतर आम्हाला बसवत नाही. मटण कितीही चांगलं असो.

विजापूर_वेस:
ताई बरोबर बोलल्या. पण मधला मार्ग आहे, तो पुलापलीकडे आहे. विजापूर रोड धरा, मंद्रूप, टाकळी, भीमेचा पूल ओलांडला की धुळखेड, मग झळकी आणि होर्ती. कर्नाटकात शिरलं की सकाळी सातला साधी शाकाहारी हॉटेलं धुऊनपुसून तयार असतात. वाफाळती इडली, वडा सांबारात बुडवून, उप्पीट आणि त्यावर शिऱ्याची मूद, शेवटी स्टीलच्या पेल्यात कॉफी. हात धुवायला बेसिन असतं, मागे बाथरूम असतं, बायका-मुलं बसलेली असतात. पंधरा मिनिटांत माणूस खाऊन बाहेर. तिथून विजापूर फार लांब नाही, गोलघुमटाला ऊन चढायच्या आत पोचता येतं. एकूण शंभरेक किलोमीटर. सोलापूरकरासाठी न्याहारीची राइड म्हणजे हीच.

आपल्या बाजूला अशी हॉटेलं का कमी आहेत, याचा विचार हॉटेलवाल्यांनी करावा. रविवारी इतके बाइकवाले जातात, एक बाथरूम स्वच्छ ठेवलं तर गिऱ्हाईक दुप्पट होईल.

कॅज्युअल्टी_नाइट:
'एक बिअर' या शब्दावर थांबतो, कारण मी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टी विभागात काम करतो, तिथे रविवारी संध्याकाळी हाच शब्द ऐकू येतो.

हिशोब मांडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे मर्यादा आहे 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. बारमध्ये 'एक बिअर' म्हणजे 650 मिलीची बाटली. स्ट्राँग असेल तर सात-आठ टक्क्यांची. सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात त्यानं पातळी ढोबळमानानं 70 ते 85 पर्यंत जाऊ शकते, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. माइल्ड बाटलीसुद्धा 50 च्या आसपास नेते. शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅम उतरवतं. म्हणजे स्ट्राँग बाटली संपवल्यावर कायद्याच्या मर्यादेत यायलाच तीन-चार तास लागतात. जेवण, लिंबूपाणी, काळी कॉफी, तोंडावर पाणी, यातल्या कशानंही हा वेग वाढत नाही. जेवणानं अल्कोहोल हळू चढतं इतकंच, आणि माणसाला वाटतं की आपल्याला काही झालेलं नाही.

पहिल्यांदा सापडलात तर 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. विमा कंपनी गाडीचं नुकसान द्यायला नकार देते ते वेगळं. पण दंडाचं सोडा. चारचाकीत चूक झाली तर भोवती पत्रा असतो, पट्टा असतो. दुचाकीवर तोल, ब्रेक, वळण सगळं शरीरानं करायचं असतं, आणि दारू पहिला घाला तोलावरच घालते. हैदराबाद रोडला दुभाजकाच्या फटीतून अचानक जनावर येतं, ट्रॅक्टर उलट्या बाजूनं येतो. त्या अर्ध्या सेकंदाला 'माझं मला कळतं' हे कामाला येत नाही.

सीनाकाठ:
डॉक्टर असाल किंवा नसाल, आकडे वाचले. बिअरच्या वाक्यावर मी आता भांडत नाही. आमच्या ग्रुपमध्ये आजपासून नियम: गाडी घरी लागल्यावरच ग्लास. पार्क चौकात कुणाला बसायचं असेल तर रिक्षानं यावं, रिक्षानंच जावं.

पण मटणाचं मी सोडणार नाही. जेवायला बसायचं, पाणी मागायचं, उठायचं. यात वाईट काय ते कुणी सांगितलेलं नाही. ताई, दोननंतर बसवत नाही म्हणालात, मान्य. बारा वाजता गेलो तर? तोपर्यंत तिथे ट्रकवाले आणि लग्नाची खरेदी करून परत निघालेली कुटुंबंच असतात. 2016 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं हायवेपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद करायला सांगितली, तेव्हा यातल्या काही ठिकाणी काही काळ नुसतं जेवणच मिळायचं. आमचं तोंड तेव्हा तिथेच लागलं. स्वयंपाकी तोच, चूल तीच.

माळावरचा:
सगळ्यांचं वाचलं. बोरामणीकडचे दादा म्हणतात ते खरं आहे, थांबा सर्व्हिस रोडला किंवा गावातच. सायलेन्सरचंही ग्रुपवर टाकतो.

ताई, कॅफेबद्दलचं वाक्य मी मागे घेतो. पण कॅफे सोलापूरच्या हद्दीत आहेत, तुमची अडचण हद्दीबाहेर सुरू होते. म्हणून विचारतो, पेट्रोल पंप नाही का चालत? तिथे हवा, पाणी आणि स्वच्छतागृह फुकट देणं पंपाला बंधनकारकच आहे.

सीनाकाठ, तुला उत्तर देतो. बारमध्ये जेवायला बसलास की ग्रुपमधला एक जण मागवतोच. मग दुसरा म्हणतो, मला अर्धा ग्लास. नाही म्हणणाऱ्यावर सगळे मिळून चढतात. विशेषतः नवीन पोरं, ज्यांना ग्रुपमध्ये येऊन महिना झालाय, ती नाही म्हणूच शकत नाहीत. बिअरलाच परवाना 21 व्या वर्षानंतर आहे आणि आपल्या ग्रुपमध्ये एकोणीस वर्षांची दोन पोरं आहेत. मी मटणाच्या विरोधात नाही. त्या पोरांना त्या टेबलावर बसवण्याच्या विरोधात आहे.

बुलेटवाली_जुळे_सोलापूर:
पंपावर बंधनकारक आहे हे मलाही माहीत आहे. किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला गेलेला, आणि दार उघडलं तर आत पाणी नाही, हे पण माहीत आहे. काही पंप खरंच चांगले आहेत, टोलनाक्यावरही सोय असते. आम्ही मैत्रिणींनी कुठलं दार उघडं असतं त्याची यादी ठेवलीय, रस्त्यानुसार. ती मी ग्रुपवर टाकते. तुम्ही थांबे ठरवताना आधी ती बघा, चहा कुठे चांगला ते नंतर.

पोरांचं तुम्ही जे लिहिलंत ते पटलं. सीनाकाठ, या एका मुद्द्यावर मी माळावरच्यांच्या बाजूनं आहे.

सीनाकाठ:
पोरांचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मग रविवारी असं करू. पाच वाजता सात रस्त्याला जमायचं, टाक्या आदल्या रात्रीच भरायच्या. नळदुर्ग बघायचं, येताना ताईच्या यादीतल्या पंपावर थांबायचं, गावात चहा. आणि मटण माझ्या घरी, होटगी रोडला, एक वाजता. आई सावजी मसाल्याचं करते. भाकऱ्या थापायला दोन जण लवकर या.

विजापूर_वेस:
मी शाकाहारी आहे मालक, माझ्यासाठी शेंगाची आमटी सांगा.