डॅलसला हिमवादळाचा इशारा: गोव्यात बसून घरच्यांसाठी नेमके काय करायचे?

सांजवात (डिचोली)
भाची आणि जावई अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसजवळ भाड्याच्या दुमजली घरात राहतात, गॅरेज घराला लागूनच. भाचीचे सासू-सासरे गेल्या महिन्यात इथून तिकडे गेलेत. सासऱ्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू. परवा रात्रीसाठी ‘विंटर स्टॉर्म वॉच’ आला आहे. मुले म्हणतात, हीटर आहे, काही होत नाही. त्यांना काय करायला सांगू? आणि फोनच लागेनासा झाला तर इथून काय करायचे?

मांडवीकाठ
‘वॉच’ म्हणजे वादळाची शक्यता आहे, तयारीला लागा. ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ आलेच किंवा येऊन ठेपले. तेव्हा जे करायचे ते ‘वॉच’ असतानाच उरका. ‘आइस स्टॉर्म वॉर्निंग’ दिसली तर ती बर्फापेक्षा वाईट समजा. पडता पाऊस तारांवर आणि फांद्यांवर गोठतो, त्या वजनाने तारा तुटतात, आणि रस्त्याची काच होते.

हीटरवर भिस्त ठेवू नका. तो विजेवरचा असेल तर वीज गेली की बंदच, पण गॅसचा असला तरी गरम हवा खेळवणारा पंखा विजेवरच चालतो. टेक्सासच्या बहुतेक भागाचे वीजजाळे वेगळे आहे, शेजारच्या राज्यांकडून फारच थोडी वीज घेता येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे एका वेळी ४५ लाख घरे-दुकाने अंधारात होती. राज्याच्या आरोग्य खात्याने २४६ मृत्यू नोंदवले, त्यांतले बहुतेक गारठ्यानेच. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने आपली वीज घालवली, पण इथे वीज गेली की पंखा थांबतो एवढेच.

आज त्यांनी करायचे: माणशी दिवसाला ४ लिटर या हिशेबाने निदान तीन दिवसांचे पिण्याचे पाणी, शिवाय संडाससाठी बाथटब भरून. न शिजवता खाता येईल असे जिन्नस. टॉर्च आणि सेल. सगळ्या पॉवर बँका भरलेल्या. गाडीची टाकी निम्म्याच्या वर. वीज गेल्यावर फ्रिज उघडायचा नाही. बंद फ्रिज सुमारे ४ तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४.

वळेसर
वरच्या यादीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहिली: कार्बन मोनॉक्साइड. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसे जातात, तोच हा वायू. वास नाही, रंग नाही. गारठलेली माणसे कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात आणतात, गॅसचा ओव्हन उघडा ठेवून ऊब घेतात, नाहीतर गॅरेजमध्ये गाडी सुरू करून फोन चार्ज करत बसतात. गॅरेजचे दार उघडे असले तरी वायू लागूनच्या घरात शिरतो. गाडी पूर्ण बाहेर काढायची आणि मागच्या धुराच्या नळीसमोरचे बर्फ आधी हटवायचे. जनरेटर असेल तर घरापासून निदान २० फूट लांब, धुराचे तोंड खिडक्या-दारांच्या उलट्या दिशेला.

छताला किंवा भिंतीला या वायूचा डिटेक्टर असेल, त्याचे ‘टेस्ट’ बटण आजच दाबून बघायला सांगा. बहुतेक यंत्रांत चार बीप, थोडी विश्रांती, पुन्हा चार बीप म्हणजे वायू. मधूनच एखादी चिवचिव म्हणजे सेल संपत आला. घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळले, तर ‘जेवण बाधले असेल’ म्हणत बसायचे नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचे आणि मग ९११ (तिथला आणीबाणीचा क्रमांक).

आता सासरेबुवा. इन्सुलिन एकदा गोठले की वितळल्यावरही फेकायचेच. थंडीत फ्रिज बंद पडला म्हणून ते खिडकीच्या कट्ट्यावर किंवा गाडीत ठेवू नका. वापरातले इन्सुलिन साधारण २८ दिवस घरातल्या तापमानात टिकते (वेष्टनावरची मुदत बघा). थंडीत पाऊचमध्ये घालून आतल्या खिशात ठेवायचे. ग्लुकोमीटरही गारठला की चुकतो, तोही उबेत ठेवा.

त्यांच्या पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका. मधुमेहात पाय बधिर असू शकतात, भाजलेले कळत नाही. घोटभर फेणी घेतली की ऊब येते हेही विसरा. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वाटते गरम, पण अंगातली उष्णता बाहेर जाते. म्हातारपणी थंडी कमी जाणवते, म्हणून ‘मला काही होत नाही’ यावर विश्वास नको. थरथर, जड जीभ, गोंधळलेले बोलणे, पेंग येणे ही खरी लक्षणे. थर्मामीटरवर ९५ फॅरेनहाइटच्या खाली गेले तर ९११. थरथर थांबली म्हणजे बरे वाटले असे नाही, उलट ते जास्त धोक्याचे.

सगळ्यांनी एकाच आतल्या खोलीत झोपायचे, बाहेरच्या भिंती जितक्या कमी तितके बरे. दाराखाली टॉवेल, खिडक्यांवर गोधड्या. अंगालगत सुती बनियन नको, घामाने ओले होऊन गारठा धरते. लोकरी किंवा थर्मल घाला.

पाटाचे पाणी
नळांबद्दल कोणी बोलले नाही. टेक्सासमध्ये पुष्कळ घरांत पाण्याचे पाइप माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून जातात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि गोठलेला भाग व बंद नळ यांच्यामध्ये दाब वाढून पाइप फुटतो. म्हणून नळ किंचित ठिबकते ठेवतात, गरम आणि थंड दोन्ही, मुख्यतः बाहेरच्या भिंतीकडचे. सिंकखालच्या कपाटाची दारे उघडी. बागेतल्या नळाला लावलेली नळी काढून त्यावर टोपी चढवायची.

खरी परीक्षा बर्फ वितळताना. फुटलेला पाइप गोठलेला असतो तोवर गप्प असतो, ऊन पडले की धो धो. त्यामुळे मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते आजच घरमालकाला विचारून, एकदा फिरवून बघायचे. अनेक ठिकाणी तो जमिनीतल्या मीटरच्या पेटीत असतो आणि त्याला वेगळी किल्ली लागते. पाइप गोठलाच तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने नळाच्या बाजूपासून मागे-मागे तापवायचा. ज्योत अजिबात नाही.

सांजवात
सगळे त्यांना पाठवते. आणि फोन लागला नाही तर?

मांडवीकाठ
ताई, इथून ९११ फिरवून डॅलसला लागत नाही. तिथले २११ (मदतीची माहिती) आणि ३११ (शहराच्या सेवा) हेही इथून चालत नाहीत. त्यांच्या शहराच्या पोलिसांचा दहा आकडी ‘नॉन-इमर्जन्सी’ क्रमांक शहराच्या वेबसाइटवर मिळतो. त्याआधी +१ लावून फोन करायचा आणि ‘वेल्फेअर चेक’ हवा असे म्हणायचे. पोलीस दारावर जाऊन बघतात. सोबत एका कागदावर लिहून ठेवा: पूर्ण पत्ता झिप कोडसह, गेटचा कोड, घरात किती माणसे, वये, इन्सुलिनवर कोण, शेवटचे बोलणे कधी झाले. शेजाऱ्याचा एक क्रमांक आणि घरमालकाचा एक क्रमांक आजच मागून घ्या. पोलिसांआधी शेजारी दारावर थाप मारू शकतो. वादळ ऐन भरात असताना पोलिसांनाही उशीर होतो, म्हणून खरोखर धोका दिसत असेल तरच हे.

वेळ ठरवून घ्या. हिवाळ्यात गोवा डॅलसच्या साडेअकरा तास पुढे असतो. तिथे सकाळी ८ म्हणजे इथे संध्याकाळी साडेसात, तिथे रात्री ८ म्हणजे इथे सकाळी साडेसात. दिवसातून दोनदा एवढाच मजकूर: ‘चौघे ठीक, वीज नाही, बॅटरी ६०’. वीज गेली की वायफाय जाते, मग टॉवरवर गर्दी होते, आणि अशा वेळी कॉल लागत नाही पण साधा मेसेज सरकतो. व्हिडिओ कॉल नको. मुख्य म्हणजे बोलायचे ते घरातल्या एकाच माणसाने. साखळी, म्हापसा आणि मुंबईहून वीस जणांनी ‘कसे आहात?’ विचारले तर बॅटरी त्यातच संपेल. ठरलेले दोन मेसेज चुकले की मग शेजारी, मग पोलीस, असा क्रम त्यांनाही आधीच सांगून ठेवा.

सांजवात
भाचीने आत्ताच डिटेक्टर तपासला. सेलच नव्हते. आणायला गेलीय.