गळकी पिस्तुलं आणि आपण: तुमचेही अनुभव लिहा

मंडळी, लहानपणी पाण्याची पिस्तुलं जमवायचा आणि बिघडलेली उघडून बसायचा नाद कुणाकुणाला होता? आणि मोठेपणी तो परत लागलाय असं कुणी आहे का? मला लागलाय. घरचे 'हिचं काय बिनसलंय' अशा नजरेने बघतात, म्हणून म्हटलं, बघू तरी आपल्या जातकुळीतले किती निघतात.

सुरुवात मीच करते. लहानपणी दुरुस्ती म्हणजे रबरबँड, मेणबत्तीचं मेण आणि सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन. तेवढ्यावर दुपार निघायची. आता उघडून बघते तेव्हा हसू येतं, कारण आत असतं तरी काय? एक दट्ट्या, एक स्प्रिंग, एक नळी आणि दोन झडपा. चाप दाबला की दट्ट्या पाण्याला पुढच्या झडपेतून बाहेर ढकलतो. चाप सोडला की स्प्रिंग दट्ट्याला मागे आणते, पुढची झडप मिटते, मागची उघडते आणि टाकीतलं पाणी नळीतून वर चढतं. साध्या पिस्तुलात झडप म्हणजे बहुतेकदा एक बारीकशी गोळी. ती जागेवर बसली नाही की पाण्याऐवजी नुसतं फुस्स.

वर्षानुवर्षं पडून असलेल्या पिस्तुलात हीच गोळी पाण्यातल्या क्षाराने चिकटलेली असते. मी पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी भरून रात्रभर ठेवते. सकाळी कानाशी धरून हलवायचं. आतून बारीक टिकटिक ऐकू आली की समजायचं, सुटली. नव्वद साली जेवढा आनंद व्हायचा तेवढाच आजही होतो, खोटं कशाला बोलू.

तर लिहा. काय जमवता, काय दुरुस्त करता, आणि हो, घरचे काय म्हणतात तेही.

*

धागा छान काढलात, ताई. मी निवृत्त माणूस, नोकरी सगळी पंप आणि झडपांतच गेली, त्यामुळे हा माझा छंद की ओव्हरटाइम हे बायकोला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा जीव हवेच्या दाबावरच्या मोठ्या बंदुकांत. त्यांचा जनक लॉनी जॉन्सन अमेरिकी हवाई दलात होता, नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत गॅलिलिओ यानावरही त्याने काम केलं. १९८२ साली तो घरी फ्रिऑन या जुन्या फ्रिजमधल्या वायूऐवजी पाण्यावर चालणाऱ्या हीट पंपाची, म्हणजे उष्णता इकडून तिकडे नेणाऱ्या यंत्राची, खटपट करत होता. बाथरूममध्ये नळाला तोटी जोडून बघितली तर पाण्याची धार खोलीच्या पार पलीकडे गेली, आणि गड्याला हीट पंपापेक्षा बंदूकच जास्त आवडली! पहिला नमुना प्लेक्सिग्लास (काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक), पीव्हीसी पाइप आणि ओ-रिंगांचा (गळती थोपवणाऱ्या रबरी कड्या), वर टाकी म्हणून सोड्याची दोन लिटरची बाटली. १९९० मध्ये ही बंदूक 'पॉवर ड्रेंचर' या नावाने बाजारात आली आणि पुढच्या वर्षी 'सुपर सोकर' झाली. अमेरिकेतल्या नॅशनल टॉय हॉल ऑफ फेममध्ये तिला २०१५ साली जागा मिळाली. मला विचाराल तर उशीरच केला.

यातली गंमत अशी, की पाणी दाबून दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. पंप मारून तुम्ही हवा कोंडून ठेवता, चाप फक्त वाट मोकळी करतो. म्हणून लहान पोराच्या बोटालाही लांब धार मारता येते, कष्ट आधीच होऊन गेलेले असतात. पण पाणी बाहेर पडेल तशी हवेला पसरायला जागा मिळते, दाब उतरतो आणि शेवटची धार पायाशी पडते. सुपर सोकरच्याच १९९६ च्या सीपीएस २००० या मॉडेलमध्ये हवेच्या जागी जाड रबरी फुगा आहे. पाणी भरताना तो ताणला जातो, चाप ओढला की आकसतो आणि जवळजवळ सारखाच दाब देत राहतो. धार शेवटपर्यंत ताठ! दुर्दैव एवढंच, की रबर म्हातारं होतं. फुग्यावर बारीक तडे दिसत असतील तर पंपाला हात लावू नका. आणि कुठलीही दाबाची बंदूक तपासताना चष्मा चढवा, मग भले शेजारी हसोत.

गळती शोधायची सोपी रीत: दोनचार पंप मारा आणि बंदूक बादलीत बुडवा. बुडबुडे पंपाच्या दांड्यापाशी आले तर ओ-रिंग गेली, ते काम किरकोळ. टाकीच्या सांध्यातून आले तर संध्याकाळ गेली.

*

काका, बादलीचा प्रयोग लगेच केला. मी आठवडाभर ज्या सांध्याला एपॉक्सी फासतोय तिथून एकही बुडबुडा नाही. सगळे झाकणाच्या वॉशरमधून! नवा वॉशर टाकला, विषय संपला. एपॉक्सीचे ओघळ मात्र आता कायमचे.

*

माझ्याकडे संग्रह असा नाही, कामाचीच हौस जास्त. हल्ली शेजारी आठ वर्षांची लेक बसते. स्क्रू काढायचं काम तिचं. ती कागदावर पिस्तुलाचं चित्र काढते आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चित्रात टोचून ठेवते, कारण एकाच खेळण्यात दोन लांबीचे स्क्रू निघतात आणि लांबडा चुकीच्या भोकात गेला की बाहेरून प्लॅस्टिक फुगतं.

स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवायचा हे मी तिला शिकवलंय. प्लॅस्टिकमध्ये जुने आटे असतातच. उलटा फिरवता फिरवता एका जागी स्क्रू किंचित खाली बसतो, बोटाला 'टक्' असं जाणवतं, आणि मग सुलटा पिळायचा. नाहीतर प्रत्येक वेळी नवे आटे पडतात आणि तिसऱ्याचौथ्या खेपेला भोक मोकळं. तो 'टक्' पहिल्यांदा हाताला लागला तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू गुपित फोडलं मी. आता ती रिमोटपासून भिंतीवरच्या घड्याळापर्यंत सगळ्याचे स्क्रू उलटे फिरवून बघते, ही त्याची किंमत.

*

मी दुसऱ्या पंथातला. पाणी घालतच नाही. दुरुस्तीवाल्यांना राग येईल, पण मूळ स्प्रिंग गंजली असली तरी ती मूळ आहे, आणि पेनातली स्प्रिंग बसवली की ते पिस्तूल तुमचं झालं, त्या काळचं राहिलं नाही. गंज तेवढा पुसतो, बाकी जसंच्या तसं.

माझ्याकडे बॅटरीवर चालणारी ऐंशीच्या दशकातली आहेत. काळी, हुबेहूब खरी वाटणारी. अमेरिकेत १९८८ साली कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून खोट्या बंदुकांना नारिंगी टोक तरी हवं किंवा अख्खं अंग भडक रंगाचं वा पारदर्शक तरी, असं ठरलं. त्यामुळे टोक बघितलं की काळाचा साधारण अंदाज येतो, मात्र नुसत्या टोकावर जाऊ नका, रंगवलेली टोकंही भेटतात. असली खेळणी कपाटाबाहेर नेताना मी पिशवीतच नेतो, उगाच कुणाचा गैरसमज नको.

सेल आत विसरलेले असतील तर हिरवट-पांढरी पूड जमलेली असते. अल्कलाइन सेलची असेल तर कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावायचं, हातमोजे घालून. आणि मऊ प्लॅस्टिकची नळी कडक प्लॅस्टिकला टेकवून वर्षानुवर्षं ठेवू नका. मऊ प्लॅस्टिकमधलं तेल पाझरतं आणि खालच्यावर खळगा पाडतं. माझ्या सर्वांत देखण्या पिस्तुलावर असा नळीचा ठसा आहे, आधीच्या मालकाची कृपा.

*

वरच्या पंथाला कोपरापासून नमस्कार, पण न उडणारं पिस्तूल मला बघवत नाही. मोडकी स्प्रिंग पुडीत बांधून सोबत ठेवा की! मूळही राहिलं आणि धारही मिळाली.

माझी गोष्ट थोडी वेगळी. आमच्याकडे दादा मोडायचा आणि मी जोडायचो. त्याला पाण्यात लढायचं असायचं, मला फक्त ते परत का चालू झालं हे बघायचं असायचं. मध्ये वीसपंचवीस वर्षं आम्ही दोघांनी असलं काही हातात धरलं नाही, बोलणंही सणासमारंभापुरतंच. मग त्याच्या मुलाचं एक खेळणं बिघडलं, तर याने मला न विचारता कुरियर केलं. सोबत चिठ्ठी: 'चाप मऊ पडलाय.' बस, एवढंच. आता दर काही महिन्यांनी खोकं येतं. मला दाट संशय आहे की काही तो मुद्दाम मोडतो. विचारत नाही.

प्रश्न असा: यावेळी आलेल्याला स्क्रूच नाहीत. दोन्ही अर्धी चिकटवलेली आहेत, आणि टाकीला तडा आहे. कसं उघडू? आणि ओ-रिंगला पेट्रोलियम जेली चालेल का?

*

धागाकर्ती पुन्हा. जेली नको. नैसर्गिक रबर तिने फुगतं, मऊ पडतं. सिलिकॉन ग्रीस घ्या, बोटाला चिकटेल इतकंच. ओ-रिंग स्वतः सिलिकॉनची असेल तर मात्र सिलिकॉन ग्रीसही नको. आणि नवी आणताना जुनीचं माप घेऊ नका, ती दबून चपटी झालेली असते. ती ज्या खाचेत बसते तिची रुंदी-खोली मोजा.

उघडायचं काकांनी सांगावं, माझ्या हातून दोन अर्धांचे चार होतात.

*

सांगतो. आधी उघडायची गरज आहे का ते बघा. तडा बाहेरून हाताला लागत असेल तर त्याच्या दोन्ही टोकांशी बारीक भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही, आणि मग भरा. त्याआधी टाकीच्या तळाशी त्रिकोणातला आकडा शोधा. २, ४ किंवा ५ असेल तर ते पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन, त्याला साधा गोंद काय आणि एपॉक्सी काय, धरतच नाही, नखाने सोलून निघतं. मग ती टाकी सोडा आणि दुसऱ्या मोडक्या बंदुकीची बसते का बघा. आकडा सापडला नाही तर लपलेल्या कोपऱ्यावर ॲसिटोनचा थेंब टाका. प्लॅस्टिक चिकट झालं तर बहुधा एबीएस नावाचं कडक प्लॅस्टिक, ते जोडता येतं.

उघडायचंच असेल तर पातळ पातं चापाच्या कडेपासून सांध्यात सरकवा, तिथे गोंद कमी लागलेला असतो. पातं पिळू नका, पुढे पुढे ढकला. 'कट्' असा आवाज आला तर थांबा आणि कुठून आला ते आधी बघा.

आणि दादाला विचारून टाका हो एकदा, मोडतो का ते.