चार एकर शेती आणि दोन म्हशी: हे ‘परत येण्याचं कारण’ नाही काय?

उद्यमबागकर

माझी बहीण युरोपात नोकरीला आहे. तिला बाळ झालं, म्हणून आईबाबांना तीन आठवडे तिच्याकडे पाठवायचं ठरलं. दोघंही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले शेतकरी. तीन एकर ऊस, एक एकर भात, दारात दोन म्हशी. दोघांचाही व्हिसा नाकारला गेला. देशाचं नाव लिहीत नाही, शेंगेन गटातला (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांपैकी) आहे एवढं पुरे. छापील कागदावर एका कारणापुढे खूण: मुदत संपायच्या आत तुम्ही परत जाल याबद्दल शंका आहे.

म्हशीची धार चुकेल म्हणून बाबा सख्ख्या भाचीच्या लग्नातसुद्धा मुक्कामाला राहिले नव्हते. ते परत येणार नाहीत म्हणे!

राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून आम्ही बेंगळुरूला गेलो. बोटांचे ठसे घ्यायला लागले तर बाबांचे उमटेनात. खुरपं-विळा धरून बोटांच्या रेषाच झिजल्यात. चार वेळा घेतले. दर वेळी बाबा धोतराला बोटं पुसायचे आणि मला हळूच विचारायचे, “माझंच काही चुकतंय काय रे?” ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

फी माणशी 90 युरो (जून 2024 पर्यंत 80 होती), वर व्हिसा केंद्राचं शुल्क, विमा, भाषांतर, नोटरी. नाकारलं तरी फी परत नाही.

माझं म्हणणं असं, की हे नियम पगारदार माणूस डोळ्यांपुढे ठेवून केलेत. पगाराची स्लिप आणा, रजेचं पत्र आणा, आयकराचं विवरण आणा. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून बाबांनी विवरण कधी भरलंच नाही. रजा त्यांना कोण देणार? जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. मग अशा दारात पैसे मोजून का उभं राहायचं? मलेशियानं डिसेंबर 2023 पासून आपल्याला 30 दिवस विनाव्हिसा यायची मुभा दिली, थायलंडनं जुलै 2024 मध्ये 60 दिवसांची. बहिणीला म्हटलं, तूच बाळाला घेऊन मलेशियात पेनांगला ये, आम्ही तिथं भेटतो. चुकलं काय माझं?

निपाणीकर

अजिबात चुकलं नाही. तिकडचे पर्यटक घरात बसून ई-व्हिसा काढतात आणि हंपी-गोवा फिरून जातात. आमच्या माणसानं मात्र दोन दिवस मोडून बेंगळुरूला जाऊन बोटं दाखवायची. तंबाखूचा व्यापार करणारे माझे काका एकदा नाकारले गेले, त्यानंतर त्यांनी युरोपाचं नाव काढलं नाही. स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही?

टिळकवाडीची

उद्यमबागकर, बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. तिकीट-व्हिसाचंच काम करते मी, रोज फायली बघते. 2024 साली भारतातून शेंगेनसाठी 11 लाखांवर अर्ज गेले, त्यातले साधारण 15 टक्के नाकारले. म्हणजे बहुतेकांना मिळाला, आणि त्यात शेतकरीही असतात. उसाच्या पैशावर गेलेली माणसं मी पाठवलीत.

दोन गोष्टी सांगा. अर्ज कुठल्या महिन्यात केला? आणि बँकेचं स्टेटमेंट किती महिन्यांचं जोडलं?

उद्यमबागकर

जुलैत. यादीत तीन महिन्यांचं लिहिलं होतं, तेवढंच जोडलं. खात्यात काही नव्हतं, म्हणून एजंट म्हणाला शिल्लक दाखवायला हवी. चुलतभावानं तीन लाख टाकले, अर्जाच्या पाच दिवस आधी.

टिळकवाडीची

तिथंच घात झाला. तुम्ही त्या टेबलामागं बसलाय असं समजा. वयस्कर जोडपं, तीन महिने खात्यात हालचाल नाही, आणि एकदम तीन लाख. पैसे कुणाचे, याचा कागद नाही. तुमच्या मनात तरी काय आलं असतं?

आपल्याकडे गाळप हिवाळ्यात. कारखान्याचं बिल हप्त्यानं जमा होतं ते तेव्हा आणि त्यानंतर थोडं, मग पावसाळ्यात खातं कोरडं. तीन महिन्यांची मागणी ही किमान असते, बारा महिन्यांचं जोडायला कुणी अडवत नाही. त्यासोबत कारखान्याची बिलं, वजनाच्या पावत्या, उताऱ्याचं इंग्रजी भाषांतर, आणि साध्या भाषेत एक पानाचं पत्र: ऊस कधी लावला, तोड कधी, पैसे कधी येतात, हे तीन आठवडेच का निवडले. खर्च बहीण करणार असेल तर तिचं हमीपत्र. कारकुनाला खानापूर ठाऊक नाही. आपणच सांगायला हवं.

आणि स्वाभिमानाचं म्हणाल, तर 18 एप्रिल 2024 ला युरोपीय आयोगानं भारतीयांसाठी खास सवलत आणली. तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नियमानं वापरलेल्याला दोन वर्षांचा अनेक-प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो, पुढे पाच वर्षांचा. नातवंड तिकडे वाढणार असेल तर ही वाट आजच बंद करू नका.

उद्यमबागकर

पैसे टाकण्याचं चुकलं, मान्य. आईलाही तेव्हा ते आवडलं नव्हतं. पण पहिला व्हिसा मिळाला तर पुढची सवलत. पहिलाच मिळत नाही त्याचं काय? आणि शंका त्यांना, मग पुरावा देण्याचा सगळा भार आमच्यावर का?

चंदगडचा

कारण घर त्यांचं आहे. कटू वाटेल, पण आपण तरी अनोळखी माणसाला चौकशी न करता मुक्कामाला ठेवतो काय?

सीमाभागातल्यांसाठी एक सांगतो. मी आणि बेळगावचा माझा आतेभाऊ एकाच यंत्रप्रदर्शनाला हॅनोवरला निघालो होतो. आमच्या घरांत तासाभराचं अंतर. तेव्हाच्या नियमानं, मी महाराष्ट्रात म्हणून माझा अर्ज जर्मनीच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे; तो कर्नाटकात, म्हणून त्याचा बेंगळुरूच्या. त्याला कुणीतरी म्हणालं, माझा चंदगडचा पत्ता लाव आणि मुंबईकडून कर. मी हात जोडून नको म्हटलं. आधार एकीकडचं, पत्ता दुसरीकडचा, मग शंका येणारच. आम्ही दोन वेगळ्या फायली केल्या, दोघांनाही मिळाला.

जर्मनीचा अर्ज नाकारला तर पूर्वी फेरविचाराचा अर्ज फुकट करता यायचा. 1 जुलै 2025 पासून ते बंद झालं. आता नव्यानं अर्ज, नाहीतर तिथल्या कोर्टात दाद. म्हणून पहिलीच फाईल नीट करा.

निपाणीकर

घर त्यांचं, कबूल. पण 90 युरो घेऊन दारातून परत पाठवणारा यजमान मी पाहिलेला नाही.

शहापूरवाले

विनाव्हिसाचं कौतुक चाललंय, त्यावर बोलतो. माझा भाचा मित्रांसोबत बँकॉकला जाऊन आला. व्हिसा नाही म्हणजे काहीच नाही अशी पोरांची समजूत होती. मे 2025 पासून थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, मलेशियालाही तसंच. दोन्ही सरकारी संकेतस्थळांवर फुकट आहेत. त्याचे पैसे मागणारा एजंट फसवतोय समजा. परतीचं तिकीट, हॉटेल, हातातले पैसे, विमानतळावरचा अधिकारी काहीही विचारू शकतो आणि परतही पाठवू शकतो. युरोप निदान तुम्हाला घरी असताना नाही म्हणतो. इथं तिकिटाचे पैसे गेल्यावर नाही ऐकायची वेळ येते. तुमच्या बाबांना त्या रांगेत एकटं बोलायला लागलं तर?

आणखी एक, जे माझ्या मनाला लागून आहे. याच मोकळ्या वाटेनं नोकरीच्या आमिषानं पोरं थायलंडला नेली आणि तिथून सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीत सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबली. आपल्या सरकारनं त्याबद्दल इशारे दिलेत. पर्यटक म्हणून जा, नोकरी तिथं गेल्यावर लागेल, असं कुणी सांगितलं तर पोराचा पासपोर्ट काढून घ्या. तपासणी नकोच, असं मी तरी म्हणणार नाही.

उद्यमबागकर

तपासणी नको असं मीही म्हणत नाही. माणूस बघून तपासा, एवढंच. ज्याची मुळं जमिनीत आहेत त्यालाच ‘तू परत जाणार नाहीस’ म्हणतात, हे मला अजून गिळत नाही. तरी आईला नातवाला मांडीवर घ्यायचंय, त्यापुढं माझा राग लहान. उसाचं बिल जमा झालं की फेब्रुवारीत पुन्हा अर्ज करतो. या वेळी उसने पैसे नाहीत.

टिळकवाडीची

फेब्रुवारी चांगला. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. पहिला नकार लपवू नका, पत्रात स्वतःहून लिहा. आणि बोटांचं: जायच्या आधी आठवडाभर रोज रात्री बाबांच्या हातांना खोबरेल चोळा, कधीकधी फरक पडतो.

एक विचारायचं राहिलं. म्हशींचं दूध डेअरीला घालता ना? त्याचं बिल कुठं जमा होतं?

उद्यमबागकर

आईच्या नावावर, गावातल्या सोसायटीत. दर दहा दिवसांनी, कित्येक वर्षं. त्यातूनच ती पिग्मी (रोजची छोटी बचत) भरते. ते पासबुक आम्ही दाखवलंच नाही. एजंटनं फक्त मोठ्या बँकेचं मागितलं होतं.

टिळकवाडीची

अहो, तेच पहिल्या पानावर लावा. आणि तीन आठवडे धार कोण काढणार, त्याचं नाव पत्रात लिहा.