'बदल', 'गती' की 'परिणाम'?

शब्दवेडी: ग्रीक तत्त्वज्ञानावरचं एक प्रकरण मराठीत आणते आहे आणि अ‍ॅरिस्टॉटलच्या दोन शब्दांपाशी गाडं अडलंय. 'मेताबोले' हा त्याचा व्यापक शब्द. वस्तू उपजणं-नासणं, गुण पालटणं, वाढणं-घटणं, जागा सोडणं, सगळं त्यात येतं. 'किनेसिस' त्याहून अरुंद, त्यात शेवटचे तीनच. मी पहिल्याला 'बदल' केलं, दुसऱ्याला 'गती'. पण हिरवं पान पिवळं पडतं, त्याला 'गती' कसं म्हणायचं? त्यातच मजकूर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, 'बदल' परका आहे, 'परिवर्तन' लिहा.

जुनी वही: बाईंचं बरोबर आहे. 'बदल' अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ एकाच्या जागी दुसरं येणं. मोबदला, बदली, बदली कामगार, सगळं तिथलंच. पान मात्र तेच राहतं, रंग तेवढा जातो. म्हणजे शब्दच चुकीचा विचार सुचवतो.

अनामिक१: 'बद्दल'सुद्धा त्याच कुळातला. तोही टाकणार का? शब्द कुठून आला यापेक्षा तो आज काय सांगतो ते बघावं. आणि 'परिवर्तन' कुठे निर्मळ आहे? 'परि' अधिक 'वृत्', म्हणजे गोल फिरणं. 'परिवर्तिनि संसारे मृतः को वा न जायते' म्हणणाऱ्या भर्तृहरीच्या डोळ्यांपुढे फिरतं चाक आहे. आपण 'सामाजिक परिवर्तन' म्हणतो तेव्हा पुढे जाणारी वाट मनात असते. चाकाची वाट कधी झाली, हा मला खरा प्रश्न वाटतो.

ओसरी: 'क्रांती'चंही तसंच. ज्योतिषातला शब्द, 'क्रांतिवृत्त' (सूर्याचा आकाशातला भासणारा मार्ग) अजून वापरात आहे. आणि 'उत्क्रांती'! शाळेत असताना मी तो धडा मोठ्याने वाचत होते. आजोबा वेदान्त वाचणारे. त्यांनी मला थांबवलं आणि सांगितलं, उत्क्रांती म्हणजे जीवाने देह सोडून जाणं. मी वाद घातला, पुस्तक दाखवलं. पुढे गीतेच्या पंधराव्या अध्यायात 'उत्क्रामन्तं' वाचलं आणि त्यांचं म्हणणं पटलं. ते तोवर राहिले नव्हते. मरणाचा शब्द जीवसृष्टीच्या वाढीला लागला, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

जुनी वही: हिंदीत त्याला 'विकास' म्हणतात, ते अधिक चूक. डार्विनच्या सिद्धान्तात पुढारलेपणाची हमी नाही.

तर्ककर्कश: मूळ प्रश्नाकडे येऊ या. सांख्य दर्शनातला 'परिणाम' घ्या. दुधाचं दही होतं ते परिणाम, दोरीचा साप दिसतो तो विवर्त. पहिल्यात वस्तू खरोखर पालटते, दुसऱ्यात फक्त भासते. 'निरुक्त' लिहिणाऱ्या यास्कानेही भावाचे, म्हणजे असण्याचे, सहा विकार सांगताना 'विपरिणमते' असं म्हटलंय: जन्मणं, असणं, पालटणं, वाढणं, झिजणं, नासणं. तुमच्या ग्रीक यादीला इतकी जवळची दुसरी यादी मला माहीत नाही.

अनामिक१: आजचा वाचक 'परिणाम' म्हणजे कशाचा तरी निष्पन्न भाग समजणार. 'विकार' लिहिलंत तर तो वैद्य शोधेल. पारिभाषिक शब्द वाचकाशी भांडून टिकत नाहीत.

तर्ककर्कश: एकदा व्याख्या दिली की टिकतात. 'उत्क्रांती' टिकलाच की.

ओसरी: 'पालट' का नको? प्राकृतातून आलेला, आपला. कायापालट, हवापालट, सत्तापालट, खांदेपालट. 'काया'त वस्तू तीच, 'सत्ते'त माणसं दुसरी. दोन्ही अर्थ सामावतात.

शब्दवेडी: 'मेताबोले'ला 'पालट' मला आवडला, लिहून पाहते. 'किनेसिस' मात्र तसाच राहिला.

जुनी वही: 'पालट' बोलण्यातला आहे. तत्त्वचर्चेत उघडा पडेल.

ओसरी: बोलण्यातला म्हणूनच तर हवा. बरं, 'संक्रांती' आणि 'संक्रमण' एकाच धातूचे, मग एक सण आणि दुसरं रोगाला कसं लागलं, कुणी सांगेल का?