घरातल्या रिकाम्या जागी घरच्या फळ्या : आपापले अनुभव लिहा

सांदवाडी
गावात एका जुन्या मातीच्या घराची भिंत उतरवणं सुरू आहे. तिथं ओळीनं देवळ्या, म्हणजे भिंतीतले कोनाडे, दिसल्या आणि जुन्या घरांतली सोय आठवली; भिंतीची जाडीच कपाट म्हणून वापरलेली. दारामागं, जिन्याखाली, चौकटीवर, न्हाणीजवळ कुठं फळी बसते, माप काय, बिघडतं काय, ते इथं लिहा.

सुरुवात देवळीपासूनच. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीत नवी देवळी कोरता येते. रुंदी सव्वा फूट पुरे, खोली भिंतीच्या एक तृतीयांशाच्या पुढं नको. आधी वरची पाटी, म्हणजे आडवी लाकडी फळी, बसवा, दोन्ही बाजूंनी ६ इंच भिंतीत जाईल अशी. तिच्या भोवतीची माती पूर्ण वाळली की मग खाली कोरायचं. उलट केलं तर वरची माती ढासळते. कोपऱ्यापासून २ फूट सोडा, आणि मयालीच्या, म्हणजे छताच्या आडव्या तुळईच्या, टेकूखाली हात लावू नका. गिलावा शेणमाती आणि गव्हाच्या कुटाराचाच (भुशाचाच). सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. हे काम उन्हाळ्यातलं, पावसाळ्यातलं नाही.

काळी_कसदार
मयालीचं बरं सांगितलं. आता काळ्या जमिनीवरच्या घराचं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंती केसभर का होईना हलतात. म्हणून कोपऱ्यातली फळी दोन्ही भिंतींना स्क्रूनं आवळू नका. एका भिंतीला पक्की, दुसरीकडं नुसती पट्टीवर टेकलेली. नाही तर मे महिन्यात गिट्टीभोवती, म्हणजे स्क्रूसाठी भिंतीत ठोकलेल्या प्लास्टिकच्या नळीभोवती, चीर दिसते आणि लोक म्हणतात गिट्टीच खराब होती.

रंधा
गिट्टीचं लिहितो मग. विटेच्या भिंतीला ८ एमएमची गिट्टी, ८ एमएमचंच बिट, १० नंबरचा २ इंची स्क्रू. प्लास्टर अर्धा-पाऊण इंच असते, ते जमेत धरायचंच नाही; गिट्टी विटेत गेली पाहिजे. लाल भुकटी आली की वीट लागली. राखाडीच येत राहिली तर सांधा असेल, इंचभर सरका. राखेच्या विटांचं घर असेल तर भुकटी राखाडीच येते, तिथं रंगावर जाऊ नका, बिट किती भसकन आत जाते ते पाहा. छिद्रातली भुकटी सायकलच्या पंपानं उडवा. भुकटी राहिली की गिट्टी पूर्ण बसत नाही आणि स्क्रूसोबत फिरते. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नका, वायर तिथूनच जाते.

ब्रॅकेटची लांब बाजू भिंतीला, आखूड बाजू फळीला. बहुतेक ठिकाणी उलटी दिसते. १९ एमएम प्लायला दर २ फुटांवर ब्रॅकेट, १२ एमएमला सव्वा फुटावर. अंतर दुप्पट केलं तर झोल दुप्पट नाही, कितीतरी पट वाढतो.

उमरी
रंधाभाऊ, आमच्याकडं भिंत मातीची आहे. गिट्टी धरतच नाही.

रंधा
धरणारच नाही ताई. तिथं वजन जमिनीवर उतरवा. दोन उभ्या पट्ट्या, त्यावर फळ्या, आणि भिंतीला वरून फक्त एक बांधणी, पुढं पडू नये म्हणून. पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा आणि भिंतीपासून २ इंच सोडा. उधई (वाळवी) भिंतीवरून मातीची नळी करत येते. मोकळी जागा असली की नळी दिसते, झाडूनं मोडता येते. फळी भिंतीला चिकटली तर पोखरून झाल्यावरच समजते.

वेळूबन
गडचिरोलीकडून लिहितो. प्लायचा खर्च कशाला, बांबू आहे ना! पण कापणी पावसाळा सरल्यावरची, हिवाळ्यातली, आणि बांबू ३ वर्षांच्या वरचा. कोवळ्यात पिठूळपणा जास्त, त्याला घुण लागतो. कापल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवा, वाहतं पाणी असलं तर उत्तम, मग सावलीत वाळवा. उन्हात टाकला की तडकतो. खिळा थेट ठोकू नका, आधी बारीक छिद्र. टोक गाठीच्या लगेच पुढं कापा म्हणजे चिरत नाही. फाक्यांच्या फळीवर डबा डुगडुगतो, म्हणून एक फाक उपडी, एक उताणी. वरून जवसाचं तेल, दोन पातळ हात. पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही.

तीळसंक्रांत
जवसाचं तेल लाकडाला? आमच्याकडं त चटणीलाच पुरत नाही बाप्पा 😀

उमरी
चटणीत लसूण किती टाकता? माझी कडवट होते.

तीळसंक्रांत
लसूण भरपूर. कडवट होते ते जवस जास्त भाजल्यानं. तडतडले की लगेच उतरवायचे.

वेळूबन
चटणी होऊ द्या, पण तेलाचं एक लक्षात ठेवा. पुसलेलं फडकं गोळा करून ठेवू नका. जवसाचं तेल वाळताना तापते, चुरगळलेल्या फडक्याला आपोआप आग लागू शकते. बाहेर मोकळं पसरून वाळवा.

मोर्शी_वरुड
संत्र्याच्या लाकडी पेट्या मिळाल्या तर सोडू नका. आडवी ठेवली की तयार खण. लाकूड हलकं असते, म्हणून भिंतीवर टांगताना पेटीच्या पाटीवर भरवसा नको. मागून वर एक जाड पट्टी आडवी ठोका आणि स्क्रू तिच्यातून भिंतीत घ्या. मसाल्याचे डबे, पोरांची पुस्तकं चालतात. १५ किलोचा तेलाचा पिपा नाही.

कवेलू
टिनाखालच्या खोलीत प्लास्टिकचे रॅक घेऊ नका राजेहो. आपला मे महिना माहीत आहेच, भरलेली फळी वाकून जाते. वरच्या फळीवर तेल-तूपही नको, लवकर खवट होते.

काळी_कसदार
आणि फवारणीचं औषध सैपाकघराच्या कोणत्याच फळीवर नको, कितीही उंच असली तरी. गोठ्याकडं वेगळी पेटी, कुलूप लावलेली, चाऱ्यापासून दूर. मूळ डबीतच ठेवा, पाण्याच्या बाटलीत कधीच ओतू नका. लेकरं आहेत घरात.

उमरी
अगदी खरं, काका. जिन्याखालचं कोणी सांगा ना, तिरपा कोपरा आहे, फळी कशी कापू?

रंधा
प्लायला हात लावायच्या आधी पुठ्ठा कापा, जागेवर बसवून पाहा. पुठ्ठ्यापेक्षा पाव इंच कमी कापा, भिंत काटकोनात कधीच नसते. खालची फळी जमिनीपासून ६ इंच वर, खालून झाडता आलं पाहिजे, विंचू अंधारात तिथंच बसतो. अगदी टोकाच्या फूटभर जागेत हात पोचत नाही, तिथं फळी नको, खराटा ठेवा.