मदत हवी आहे: लिथियमची गोळी आणि मे महिन्यातलं वावर

राजेहो, मी यवतमाळ जिल्ह्यातला, कोरडवाहू शेतकरी. बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी फार उधाणतं, कधी पार खचतं. सुरुवातीला घरच्यांनी बाहेरचं समजून अंगारे-धुपारे केले, ते असो. आता चार वर्षं लिथियमवर, म्हणजे मन ताळ्यावर ठेवणाऱ्या गोळीवर, ठीक आहे. पऱ्हाटी, तूर सगळं मीच पाहतो.

अडचण उन्हाळ्याची आहे. वखरणीच्या दिवसांत पारा 45 ला टेकतो. घाम फार गेला, अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मागच्या साली कंबर धरली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणून खाल्ली. त्यानंही लिथियम वाढतं, हे मला कुठं ठाऊक! हात असे थरथरले की चहाची बशी धरता येईना. उलट्या, चालताना झोक जायचा. घरचे म्हणाले, पुन्हा डोकं फिरलं. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा खरं कळलं.

तर विचारायचं असं, लिथियमवर असून शेतीकाम करणारं कोणी आहे का इथं? दुपारचं काम कसं टाळता? कंबरदुखीला डॉक्टरांनी काय चालेल म्हणून सांगितलं? लिथियम किती आहे ते तपासायला रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यावं लागतं, आणि आमची एसटी तिच्या मर्जीनं येते. तालुक्याच्या ठिकाणी ही तपासणी कुठं होते का?

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर माहीत आहे, मराठीत बोलतात. पण वावरातला अनुभव हवा आहे. अन् ‘गोळीच सोडून दे भाऊ’ हा सल्ला कृपा करून नको, तो घरी रोज मिळतो.