पीजीची शाखा बदलणारे पळपुटे नसतात

सातपुडा:
‘जुनाजाणता’ यांनी काल लिहिलं की एमबीबीएसनंतरच्या पीजीला (पदव्युत्तर शिक्षणाला) सर्जरी, ऑर्थो (हाडांची शाखा), गायनॅकची (स्त्रीरोग) सीट मध्येच सोडणारी मुलं पळपुटी असतात, जनतेच्या पैशातली जागा वाया घालवतात आणि त्यांना एक वर्षाची प्रवेशबंदी ही फारच सौम्य शिक्षा आहे. गप्प बसणार होतो, पण राहवलं नाही.

सर, शाखा निवडली कशी जाते ते आधी बघा. इंटर्नशिपमध्ये ऑर्थोला दोन आठवडे, कान-नाक-घशाला दोन, भूलशास्त्राला दोन. तेवढ्यातही निम्मे इंटर्न लायब्ररीत एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न) सोडवत बसलेले, कारण नीट पीजीला, म्हणजे पीजीच्या प्रवेश परीक्षेला, रँक आली नाही तर पुढचं सगळंच अडतं. रेडिओ (एक्स-रे, स्कॅनची शाखा), डर्मा (त्वचारोग), मेडिसिन वरच्या रँकचे घेऊन जातात. खाली जे उरतं त्यातून ‘क्लिनिकल (पेशंट बघायची) तरी आहे’ म्हणून एक शाखा भरायची. आयुष्यभराचं काम ठरवायची ही आपली रीत. मग दिवाळीपर्यंत एखाद्याच्या लक्षात येतं की हे आपल्याच्यानं होणार नाही. त्याला वाट कुठली? कॉलेज बदलता येत नाही, शाखा बदलता येत नाही. सीट सोडा, पुन्हा नीट द्या, पुन्हा फर्स्ट इयर.

सीट सोडण्यावर राज्याराज्यांत लाखांचे दंड होते. जानेवारी २०२४ मध्ये एनएमसीनेच (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) राज्यांना कळवलं की हे दंड बंद करा, फार तर वर्षभर प्रवेश देऊ नका. पैशापायी अडकून पडलेल्या मुलांच्या नैराश्याच्या तक्रारी त्यांच्याकडे गेल्या होत्या. माहिती अधिकारात एनएमसीने दिलेले पाच वर्षांचे आकडे असे: १,११७ पीजी विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडलं, ५८ पीजी विद्यार्थ्यांनी जीव दिला. यातले पळपुटे कोणते, ते सांगा.

माझी मागणी एवढीच. पहिल्या सहा महिन्यांत एकदा, रिकाम्या जागेवर, रँकप्रमाणे शाखा बदलू द्या. २०२३ मध्ये जागा भरेनात म्हणून कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणला, म्हणजे परीक्षा दिलेला कुणीही पात्र. त्या भरायला नियम वाकतो, मग इथे का नाही?

जुनाजाणता:
शब्द मागे घेत नाही. मी फर्स्ट इयरला असताना माझ्याबरोबरचा मुलगा न सांगता निघून गेला. त्याच्या वाटची ड्रेसिंग्ज, ब्लड बँकेच्या चकरा, रात्रीची अपेंडिक्स मी केली. आजीचं शेवटचं दर्शन मिळालं नाही, कारण इमर्जन्सीला माझ्याजागी उभं राहायला माणूस नव्हता. त्याच्या नैराश्याचं तुम्ही बोलता, माझ्या वर्षाचं कोण बोलणार? आणि रिकाम्या जागा असतात कुठे? फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, अॅनाटॉमी, जिथे पेशंट बघायचे नसतात. सर्जरी सोडणारा तिकडे जातो का? त्याला रेडिओ हवी असते. माझ्या भाचीने सर्जरी सोडली आणि पुन्हा परीक्षा देऊन अॅनेस्थेशियासारखी (भूलशास्त्र) हलकी शाखा घेऊन बसली. दोन वर्षं गेली ती गेलीच.

भूलवाली:
हलकी?

सर, अठरा वर्षं मी हेच काम करते. तालुक्याच्या गावात रात्री दोन वाजता सिझर असतं, बाईचा बीपी कोसळलेला असतो, तेव्हा सर्जन पोट उघडून उभा असतो आणि बाई जिवंत ठेवायचं काम माझ्याकडे असतं. एमडी भूलतज्ज्ञ गावोगावी मिळेनात म्हणून सरकारला एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं खास प्रशिक्षण देऊन सिझरसाठी भूल द्यायला शिकवावं लागलं. हलक्या कामासाठी कुणी एवढा खटाटोप करत नाही. हॉस्पिटलच्या पाटीवर आमचं नाव नाही. आमची फी सर्जनच्या हातून, तीही त्याच्या सवडीने. पेशंट शुद्धीवर येऊन ‘डॉक्टरांनी वाचवलं’ म्हणतो ते तुम्हाला. तुमच्या भाचीने स्वतःला ओळखून शाखा बदलली. तिला मामाकडून ‘हलकी’ ऐकायला लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुनाजाणता:
मॅडम, शाखांच्या मानापमानाचा विषय मी काढला नव्हता.

भूलवाली:
तुम्हीच काढलात. ‘हलकी’ तुमचा शब्द आहे.

ओटीतला:
मॅडमच्या बाजूने एक. गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यात भूलतज्ज्ञ रजेवर गेले तर आठवडाभर सगळी सिझर जिल्ह्याला पाठवली. सर्जन होते, गायनॅक होत्या, टेबल रिकामं.

को_रेसिडेंट:
मी आत्ता ऑर्थोला सेकंड इयरला आहे, आणि भूलीचं भांडण थोडं बाजूला ठेवा. आमच्या युनिटमधली फर्स्ट इयरची एक जागा सुटली, ती कुणी भरली नाही. जुनाजाणता सरांचा राग मला समजतो, मीही तेच भोगतोय. पण राग चुकीच्या माणसावर आहे. १९९२ च्या केंद्राच्या निवासी डॉक्टरांसाठीच्या योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको असं लिहिलंय. २०२४ मध्ये एनएमसीच्या टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. आम्ही त्यातलं काहीच पाहिलेलं नाही. एक पोरगं गेलं की युनिट कोसळतं, कारण ते आधीच पोरांच्या झोपेवर चालतं. सर, तुमचं वर्ष त्या मुलाने नाही खाल्लं, जागा रिकामी ठेवणाऱ्यांनी खाल्लं.

नांदेडचे_बाबा:
मी डॉक्टर नाही, बाप आहे. दंड बंद करा असं एनएमसीने सांगितलं म्हणता, ते खाजगी कॉलेजात येऊन सांगा. मुलगा म्हणाला, ‘बाबा, मला हे जमत नाही.’ कॉलेज म्हणालं, उरलेल्या वर्षांची फी भरा आणि ओरिजिनल कागद घेऊन जा. शेत आधीच गहाण होतं. त्याने कोर्स पूर्ण केला. पास झाला, पण ऑपरेशन करत नाही, ओपीडीत बसतो. जागा वाया गेली नाही असं म्हणायचं का याला?

लीड्सकर:
इकडे इंग्लंडमध्ये एमबीबीएसनंतर दोन वर्षं फाउंडेशन ट्रेनिंग असतं, तेव्हा वेगवेगळे विभाग खरोखर करून बघता येतात. शाखा सोडून दुसरीकडे अर्ज केला तर झालेल्या शिक्षणातला काही भाग धरताही येतो. मी स्वतः बदलली, कुणी नावं ठेवली नाहीत. पण इकडेही नव्या शाखेत जागा मिळवायला पुन्हा स्पर्धा करावी लागते.

जुनाजाणता:
लीड्सच्या गोष्टी लीड्सला. आपल्याकडे दोन वर्षं आधी आणि तीन वर्षं नंतर, म्हणजे मुलगी तिशीला पोचते आणि घरचे लग्नाचं विचारत राहतात.

भूलतज्ज्ञाशिवाय मी आजवर एकही मोठी केस केलेली नाही, हे खरं. ‘हलकी’ मागे घेतो.

भूलवाली:
भाचीलाही सांगा. आणि तुमच्या हॉस्पिटलच्या पाटीवर भूलतज्ज्ञाचं नाव आहे का, तेही कळवा.

जुनाजाणता:
पाटीचं पाहतो. त्याचा या चर्चेशी संबंध नाही.

सातपुडा:
मी मूळ मुद्द्यावर येतो. सुटलेली जागा तीन वर्षं रिकामी राहते हीच सरांची खरी तक्रार असेल, तर त्याच सहा महिन्यांत ती प्रतीक्षा यादीतून भरायचा नियम मागूया. जाणारा सुटेल, मागे राहणाऱ्याला माणूस मिळेल. यात तुमचा विरोध नेमका कशाला?

जुनाजाणता:
सहा महिने फार. तीन. आणि आधी नवा माणूस रुजू होऊ दे, मग जुन्याने जायचं. तेवढं लिहून मिळणार असेल तर सही करतो. ‘पळपुटे’ तसाच राहील.

को_रेसिडेंट:
तीन महिन्यांत आम्हाला ऑपरेशनच्या टेबलाजवळही येऊ देत नाहीत, सर. कळणार कसं जमतं की नाही ते?